रॉकेटवरून काढलेले फोटो फरफटतात? कॅमेरा बदलण्याआधी फिरकी मोजा

छंद म्हणून उडवायच्या छोट्या मॉडेल रॉकेटवर बारीकसा कॅमेरा बसवलाय, आणि लक्षण असं. जमिनीवर ठेवून घेतलेला फोटो लख्ख येतो. रॉकेट सरळ वर जातं, पॅराशूट उघडतं, कॅमेरा धडधाकट परत येतो. कार्ड लॅपटॉपला लावलं की मात्र शेतांच्या जागी हिरव्या-तपकिरी रेघा, झाडांच्या जागी शेपट्या, आणि मधूनच एखादी फ्रेम अशी की क्षितिज कुठं आहे तेच कळू नये. पुढच्या उड्डाणात पुन्हा तेच.

मी यावर सलग तीन उड्डाणं वाया घालवली. पहिल्यानंतर वाटलं कॅमेरा सुमार आहे, म्हणून जास्त रिझोल्यूशनचा घेतला. दुसऱ्यानंतर वाटलं रॉकेट फार जोरात जातंय, म्हणून लहान मोटर लावली. मग ते धड वरच गेलं नाही आणि रेघा होत्या तशाच राहिल्या. तिसऱ्यानंतर कॅमेऱ्याखाली स्पंज घातला, तर चित्र आणखी थरथरायला लागलं. दुखणं रेड्याला, इंजेक्शन पखालीला! खरं दुखणं होतं फिरकी, म्हणजे रॉकेटचं स्वतःच्या उभ्या आसाभोवती फिरणं. वेगाचा दोष जवळपास शून्य होता. हे मला हिशेब मांडल्यावर पटलं, म्हणून आधी हिशेबच सांगतो.

समजा रॉकेट १५० मीटरवर आहे, भिंगाचा आडवा कोन ६० अंश आहे आणि चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला साधारण १७३ मीटर रुंदीची जमीन दिसते, म्हणजे एक पिक्सेल भरतो सुमारे ९ सेंटिमीटर. आता रॉकेट सेकंदाला ५० मीटर वेगानं चाललंय आणि शटर १/१००० सेकंद उघडं आहे असं धरा. तेवढ्यात ते पाच सेंटिमीटर सरकतं. अर्धा पिक्सेल! तोही वेग जमिनीला समांतर असता तर. चढताना तो जवळजवळ सगळा उभाच असतो, त्यामुळं परिणाम आणखी कमी.

आता फिरकी बघा. रॉकेट सेकंदाला एक फेरी घेतंय, म्हणजे ३६० अंश. १/१००० सेकंदात ०.३६ अंश. वरच्याच कॅमेऱ्यात एका अंशाला ३२ पिक्सेल येतात, म्हणजे आडव्या बघणाऱ्या कॅमेऱ्यात फरफट साडेअकरा पिक्सेल. हे एका फेरीचं झालं. माझं रॉकेट सेकंदाला तीनपेक्षा जास्त फेऱ्या घेत होतं.

फिरकी कशी मोजायची

व्हिडिओ एक-एक फ्रेम पुढं सरकवता येईल अशा प्लेअरमध्ये उघडा आणि एखादी ठसठशीत खूण पकडा. माझ्याकडं पाण्याची एक टाकी होती, पांढरी, एकटीच उभी. चौकटीच्या डाव्या कडेला ती दिसली की फ्रेम मोजायला सुरुवात करायची आणि पुन्हा त्याच जागी आली की थांबायचं. माझ्या व्हिडिओत नऊ फ्रेम भरल्या. सेकंदाला ३० फ्रेमच्या हिशेबानं ३.३ फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १२०० अंश, आणि १/१००० च्या शटरला ३८ पिक्सेलची फरफट. एवढ्या पसाऱ्यात टाकी दिसत होती हेच नवल.

खूण सापडत नसेल तर उजेड मोजा. सूर्य एका बाजूला असतो, त्यामुळं रॉकेट फिरताना चित्र ठरावीक तालात उजळतं आणि काळवंडतं. एक उजाळा म्हणजे एक फेरी.

फरफटीचा आकारही पुष्कळ सांगतो. रेघा सगळीकडं सरळ आणि एकमेकींना समांतर असतील तर कॅमेरा बाजूला बघतोय आणि रॉकेट फिरतंय. एका बिंदूभोवती गोल गोल रेघा असतील, बिंदूजवळ चित्र स्वच्छ आणि कडेला बिघडलेलं असेल, तर फिरकी तीच, फक्त कॅमेरा खाली बघतोय. विजेचे खांब आणि इमारती एका बाजूला झुकलेल्या दिसतात ती शटरची करामत. या छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचत जातो. त्या वाचनाला २० मिलिसेकंद धरले तरी माझ्या फिरकीत पहिल्या आणि शेवटच्या ओळीमध्ये रॉकेट २४ अंश फिरलेलं असायचं. मग खांब सरळ कसा दिसणार? आणि चित्र सगळीकडं सारखंच मऊ असेल, जमिनीवर उभ्या रॉकेटमधूनही तसंच येत असेल, तर फिरकीला बोल लावू नका. भिंग पुसा. भिंगाचा आटा हलला असेल तर दूरच्या वस्तूवर फोकस करून आट्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या.

फिरकी येते कुठून

जवळजवळ नेहमी फिनमधून, म्हणजे रॉकेटच्या शेपटीकडच्या पात्यांमधून. या बाबतीत आपण स्वतःला फार माफ करतो. "दिसतंय की सरळ!" म्हणतो आणि गोंद वाळायला ठेवतो. पण गणित बघा. तिन्ही फिन एकाच दिशेला फक्त एक अंशानं तिरप्या असतील आणि त्यांचा मध्य आसापासून तीन सेंटिमीटरवर असेल, तर हवेतून स्क्रूसारखं वर चढणारं हे रॉकेट दर अकरा मीटरला एक फेरी पूर्ण करू बघतं. सेकंदाला ५० मीटर वेगाला त्या साडेचार फेऱ्या झाल्या. आणि पाच सेंटिमीटर लांबीच्या फिनच्या मुळाशी एक अंश म्हणजे एका टोकाला नऊ दशांश मिलिमीटरचा फरक. बोथट पेन्सिलीच्या रेघेची जाडी.

माझ्या रॉकेटमध्ये दोन फिन ठीक होत्या. तिसरी जवळजवळ दोन अंश कलली होती. ती कशी सापडली ते सांगतो, कारण ही तपासणी घरच्या घरी दोन मिनिटांत होते. रॉकेट उभं आडव्या टेबलावर ठेवू नका. हातात धरा, नोजकोन (टोकाचा शंकू) काढा आणि एक डोळा मिटून नळीच्या रेषेत पुढून मागं बघा. सरळ बसलेल्या फिनची फक्त कड दिसते, एक बारीक रेघ. कललेल्या फिनची एक बाजू दिसायला लागते. माझ्या तिसऱ्या फिनवरचा लाल रंग दिसत होता, बाकी दोन्हींवरचा नव्हता. डोळ्यावर भरवसा नसेल तर फोन दोन-तीन मीटर लांब ठेवून झूम करून फोटो काढा. जवळून काढलात तर सगळ्याच फिन तिरप्या दिसतील.

फिन सरळ असूनही रॉकेट फिरत असेल तर तिची कड हाताला लावून बघा. सँडपेपर मारताना एकाच बाजूनं जास्त घासलं गेलं तर फिनला विमानाच्या पंखासारखा फुगीर आकार येतो आणि ती एका अंगाला रेटते. पातळ बाल्सा (फिनसाठी वापरतात ते हलकं लाकूड) दमटपणानं मुडपतो तोही हाच प्रकार. अशा फिनच्या दोन्ही बाजूंना कागद चिकटवला की ती पुन्हा मुडपत नाही.

दुरुस्तीचा सरळ मार्ग एकच: तिरपी फिन मुळापासून कापा, जागा घासून साफ करा आणि नळीवर नव्यानं रेघ मारून चिकटवा. रेघ हातानं मारू नका. ॲल्युमिनियमच्या एल आकाराच्या पट्टीत नळी आडवी ठेवली की पट्टीची कड नळीच्या आसाला आपोआप समांतर येते. तिच्याकडेनं पेन्सिल ओढायची. गोंद वाळेपर्यंत फिन धरून ठेवायला पुठ्ठ्यात चिरा पाडून साचा करा. साचा करायला जाणारा अर्धा तास मला पूर्वी फुकट वाटायचा.

आडवाटही आहे. फिनच्या मागच्या कडेला कार्डाची पाच मिलिमीटरची पट्टी लावून ती उलट दिशेला किंचित वाकवायची, सुकाणूसारखी. मी केलं, फिरकी अर्ध्यावर आली. पण पट्टी उतरताना गवतात वाकली आणि पुढच्या वेळी रॉकेट उलट्या बाजूनं फिरायला लागलं. मैदानावर वेळ मारून न्यायला ठीक, घरी आल्यावर फिनच बदला.

कॅमेऱ्याचं कवचही गुन्हेगार असू शकतं, पण ते फिरकीपेक्षा तिरकेपणा जास्त देतं. नळीच्या एका बाजूला फुगवटा आला की तिकडं हवेचा विरोध वाढतो आणि रॉकेट त्या अंगाला ओढ घेतं. समोरच्या बाजूला तेवढंच रिकामं कवच लावलं की तोल येतो. वजन वाढतं हे खरं, ते कसं सांभाळायचं ते खाली येतंच.

गायरो, म्हणजे दिशा स्थिर ठेवणारं फिरतं चाक, बसवून फिरकी मारायचा मोह बऱ्याच जणांना होतो. जर्मनीत आल्फ्रेड माउल या अभियंत्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोटो काढणारी रॉकेटं बनवली होती आणि त्यालाही स्थिर चित्रासाठी गायरोस्कोपकडं वळावं लागलं. त्याच्या १९१२ च्या रॉकेटचं वजन ४१ किलो भरलं. आपल्याला शंभर ग्रॅमच्या घरात राहायचंय, तेव्हा गायरो विसरा. व्हिडिओ नंतर सॉफ्टवेअरनं स्थिर करता येतो, पण सॉफ्टवेअर फ्रेम सरळ करून ठेवतं, फ्रेमच्या आत पडलेली फरफट पुसत नाही.

ऊन आणि शटर

यावर फारसं कुणी बोलत नाही, आणि फुकटचा फायदा इथंच आहे. किचेनच्या आकाराच्या बहुतेक कॅमेऱ्यांना शटर हातानं ठरवता येत नाही. उजेड बघून ते स्वतःच ठरवतात. एफ/२.८ एवढं भिंगाचं तोंड आणि १०० आयएसओ एवढी सेन्सरची संवेदनशीलता धरली तर लख्ख उन्हात शटर १/३२०० च्या आसपास बसतं. दाट ढगात उजेड तीन स्टॉप, म्हणजे तीनदा निम्मा, कमी होतो आणि शटर १/४०० वर येतं. म्हणजे तेच रॉकेट, तीच फिरकी, फक्त आकाश भरलेलं, आणि फरफट आठपट! फिन नीट करूनही एखाद्या दिवशी फोटो बिघडले तर आधी आठवा की त्या दिवशी ऊन होतं का.

कॅमेरा आडवा ठेवला तर चौकटीत अर्धं आकाश आणि अर्धी जमीन येते. रॉकेट डुललं की एक्स्पोजर सारखं वर-खाली होतं, जमीन काळी पडते किंवा आकाश पांढरं फटक होतं. यावरचा उपाय आणि फिरकीवरचा उपाय योगायोगानं एकच आहे: कॅमेरा मागच्या बाजूला, म्हणजे फिनकडं बघेल असा लावा, जेमतेम दहा अंश बाहेर कललेला. चौकटीच्या एका कडेला फिन दिसते, बाकी सगळी जमीन. फिरकीचा मध्यबिंदू चौकटीतच येतो, त्यामुळं त्याच्या आजूबाजूचा भाग फिरकी असतानाही स्वच्छ मिळतो. माझ्या त्याच १२०० अंशांच्या हिशेबात मध्यापासून १०० पिक्सेलवर फरफट दोन पिक्सेल, ८०० पिक्सेलवर सतरा. आरशानं खाली बघणारी रचना केली असेल तर चित्र उलटं येईल, ते आडवं पालटायला विसरू नका. मी एकदा गावाचा नकाशा जुळवत तासभर बसलो होतो आणि नदी चुकीच्या बाजूनं वाहत होती.

कोणती फ्रेम घ्यायची

सगळी फिल्म चांगली असायला हवी असा हट्ट नको. सी६ ही लहान मॉडेल रॉकेटची नेहमीची मोटर दोन सेकंदांपेक्षा थोडं कमी जळते, आणि तेवढ्या वेळात थरथर इतकी असते की चित्र जेलीसारखं लहरतं. तो भाग सोडूनच द्या. थरथर कमी करायला कॅमेरा घट्ट बसवा. जाड मऊ स्पंजावर तो स्वतःच नाचायला लागतो, माझी तिसरी चूक हीच. बोटानं टिचकी मारली की रॉकेट आणि कॅमेरा एकच वस्तू असल्यासारखं वाटलं पाहिजे.

जळणं संपलं की वेग उतरतो, आणि फिनमुळं येणारी फिरकी वेगावर अवलंबून असल्यानं तीही मंदावत जाते. म्हणून उत्तम फ्रेम शिखराजवळच्या सेकंद-दोन सेकंदांत सापडतात, पॅराशूट फेकलं जाण्याच्या, म्हणजे इजेक्शनच्या, जरा आधी. एस्टेस या मॉडेल रॉकेट कंपनीच्या १९६५ च्या कॅमरॉक या रॉकेट-कॅमेऱ्यात एका उड्डाणाला एकच फोटो निघायचा, आणि त्याचं शटर इजेक्शनलाच सुटायचं. आपल्याकडं शेकडो फ्रेम असतात, म्हणून आपण त्या क्षणाचा विचार करत नाही. करायला हवा. मोटरच्या नावातला शेवटचा आकडा तोच क्षण सांगतो: सी६-५ मध्ये जळणं संपल्यापासून पाच सेकंदांनी इजेक्शन.

आता वजन. सी६-५ साठी रॉकेटचं उड्डाणाच्या वेळचं एकूण वजन ११३ ग्रॅमच्या आत ठेवायचं असतं, मोटर धरून. वीस ग्रॅमचा कॅमेरा, कवच आणि समोरचं खोटं कवच आलं की आपण त्या मर्यादेला जाऊन टेकतो. जड रॉकेट लवकर शिखर गाठतं, पाच सेकंद संपेपर्यंत नाक खाली करून वेग घेतं, आणि त्या वेगात पॅराशूट उघडलं की दोरी बॉडी ट्यूबला (रॉकेटच्या मुख्य नळीला) चेनसारखी उभी फाडते. तेव्हा सी६-३ घ्या, किंवा सरळ डी१२ या जास्त ताकदीच्या मोटरला बसेल अशी नळी करा. पाचपट नियम लक्षात ठेवा: सुरुवातीचा जोर वजनाच्या निदान पाचपट हवा. त्याहून कमी असला तर रॉकेट रॉडवरून (उडताना त्याला सरळ धरणाऱ्या सळईवरून) रेंगाळत निघतं, वाऱ्याकडं तोंड वळवतं, आणि तुमच्या चित्रात जमिनीऐवजी क्षितिज येतं. कॅमेरा नाकाकडच्या भागात बसवा म्हणजे गुरुत्वमध्य पुढं राहील. तो दाबमध्याच्या, म्हणजे हवेचा रेटा जिथं एकवटतो त्या बिंदूच्या, निदान एक नळी-व्यास पुढं हवाच, आणि कॅमेरा लावून झाल्यावर हे पुन्हा तपासायचं. तिरप्या फोटोच्या नादानं रॉड फार वाकवू नका. उभ्यापासून ३० अंशांपलीकडं कधीच नाही.

उतरताना

पॅराशूटखाली फिरकीचं कारण बदलतं. तिथं फिनचा संबंध नसतो, दोरीचा पीळ आणि झोका असतो. शॉक कॉर्ड (रॉकेटचे सुटे भाग जोडून ठेवणारी दोरी) आणि पॅराशूट यांच्यामध्ये मासेमारीच्या गळाला लावतात ती फिरती कडी घाला, पॅराशूटच्या मधोमध भोक पाडा, झोके कमी होतात. उतरायला जरा जास्त वेग लागेल, चालतं.

एक फसगत मात्र हमखास होते. कॅमेरा बॉडी ट्यूबमध्ये असेल तर ट्यूब पुढच्या तोंडानं दोरीला टांगली जाते, फिन खाली येतात, आणि मागं बघणारा कॅमेरा उतरतानाही जमिनीकडंच बघतो. कॅमेरा नोजकोनच्या भागात असेल तर? नोजकोन मागच्या बाजूनं दोरीला बांधलेला असतो. तो टोक खाली करून लटकतो, आणि चढताना फिनकडं बघणारा तुमचा कॅमेरा आता वर बघत असतो. मला एकदा सबंध उतार पॅराशूटचाच मिळाला, प्रत्येक शिवण ओळखू येईल इतका स्वच्छ. नोजकोनमध्येच कॅमेरा ठेवायचा असेल तर दोरी टोकाच्या बाजूला बांधून तो उलटा टांगावा लागतो.

फाइलच उघडत नाही

हे वेगळं दुखणं, पण फिरकी सुटली की पुढची तक्रार हीच येते. फाइल कार्डवर आहे, आकारानंही मोठी आहे, पण प्लेअर उघडत नाही. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहितात. इजेक्शनच्या किंवा जमिनीवर आपटण्याच्या धक्क्यानं बॅटरीचा संपर्क क्षणभर सुटला की अनुक्रमणिका लिहायचीच राहते, आणि चित्र कार्डवर असून नसल्यासारखं होतं. अशी फाइल पुसू नका. त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगमध्ये एक छोटी, नीट बंद केलेली फाइल करा. अनट्रंकसारखी मोफत साधनं ती नमुना म्हणून वापरून तुटलेली फाइल बऱ्याचदा जोडून देतात.

पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून बॅटरीची तार सोल्डर करा, कार्डाच्या तोंडावर टेपची पट्टी मारा आणि रेकॉर्डिंगचे तुकडे एक-एक मिनिटाचे ठेवा, म्हणजे गेला तर एकच तुकडा जातो. ईएसपी३२-कॅम हा छोटा कॅमेरा-बोर्ड वापरत असाल तर कार्डवर लिहिताना विजेची ओढ वाढते आणि कमकुवत बॅटरीवर तो मधेच नव्यानं सुरू होतो, म्हणून बॅटरीजवळ एक मोठा कपॅसिटर द्या. १९४६ च्या ऑक्टोबरात व्ही-२ या जर्मन बनावटीच्या युद्धकालीन रॉकेटनं शंभर किलोमीटरच्या वरून पृथ्वीची छायाचित्रं घेतली, तेव्हा कॅमेऱ्याचा चेंदामेंदा झाला, पण फिल्म पोलादी डबीत होती म्हणून वाचली. मायक्रोएसडी कार्ड तसं टणकच असतं. आपल्याकडं तुटतो तो बहुधा फक्त संपर्क.

आणि रॉकेट सापडल्यावर, गवतात आडवं पडलेलं असताना, घाईनं बॅटरी ओढू नका. आधी लाल दिवा लुकलुकतोय का बघा, बटण दाबून रेकॉर्डिंग बंद करा, दिवा विझेपर्यंत थांबा. माझी पहिली स्वच्छ फिल्म, तिसरी फिन बदलल्यानंतरची, मी याच घाईत घालवली होती.